फोटो खोडदचा, सिग्नल ऑस्ट्रेलियाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत एलियन्सच्या सिग्नलवर पानभर छापलंत ते वाचलं, म्हणजे आधी भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि मग मी रद्दीतून पेपर शोधून काढला. तीन केसेस दिल्यात आणि तिन्हींना 'गूढ कायम' म्हणून मोकळे झालात. अहो, तीनातल्या दोनांचा निकाल कधीच लागलाय.

ती प्रॉक्सिमा सेंटॉरीची घ्या, म्हणजे सूर्याला सगळ्यात जवळच्या ताऱ्याची. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीच्या ६४ मीटर डिशने त्या ताऱ्याकडे बघताना ९८२ मेगाहर्ट्झवर एक बारीक सिग्नल पकडला, नंतर डेटा चाळताना तो एका इंटर्न पोराला दिसला आणि डिसेंबर २०२० ला बातमी फुटली, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण पुढचं? हे सिग्नल शोधणारे लोक डिश थोडा वेळ ताऱ्यावर रोखतात, मग मुद्दाम बाजूला वळवतात, मग परत ताऱ्यावर. सिग्नल खरंच तिथला असेल तर डिश वळली की गेला पाहिजे. हा जात होता, म्हणून तर सगळे हडबडले. मग डेटा पुन्हा उपसला तेव्हा अगदी तसेच दिसणारे याचे भाऊबंद दुसऱ्या फ्रिक्वेन्सींवर निघाले, त्यातले काही डिश भलतीकडे असतानाही चालूच, आणि त्यांच्यातली अंतरं आपल्या साध्या इलेक्ट्रॉनिक्समधल्या क्लॉकच्या (म्हणजे यंत्राला ठेका देणाऱ्या भागाच्या) फ्रिक्वेन्सीशी जुळत होती. म्हणजे पृथ्वीवरचंच कुठलं तरी यंत्र. २०२१ च्या ऑक्टोबरात हे रीतसर प्रसिद्धही झालं. याच पार्क्सला त्याआधी कितीतरी वर्षं काही विचित्र सिग्नल छळत होते, ते २०१५ मध्ये तिथल्याच मायक्रोवेव्हचे निघाले, कोणीतरी टाइम संपायच्या आत दार उघडायचं! (आमच्या घरीही हेच चालतं, बायको दूध तापवताना.)

दुसरा तो टॅबीचा तारा. त्याचा उजेड मधेच २२ टक्क्यांपर्यंत उतरायचा, गुरूएवढा ग्रह आडवा गेला तरी एक टक्का उतरतो, म्हणून २०१५ ला कोणीतरी ताऱ्याभोवती भलंमोठं बांधकाम केलंय अशी चर्चा झाली. पण घन वस्तू सगळे रंग सारखेच अडवते. इथे निळा जास्त अडत होता, लाल कमी. म्हणजे धूळ, बारीक. २०१८ लाच कळलं.

राहिला १९७७ चा 'वॉव' नावाचा रेडिओ सिग्नल, ७२ सेकंदांचा. तो खरंच सुटलेला नाही, परत कधी ऐकूच आला नाही, आणि ओहायोतली ती दुर्बीणही १९९८ मध्ये पाडली, गोल्फ कोर्ससाठी. यावर अख्खं पान लिहिलं असतंत तर मी कौतुकाचं पत्र पाठवलं असतं.

मला सांगा, सिग्नल 'आपलाच' निघाला ही बातमी नाही का? मला तर तीच जास्त रंगतदार वाटते, चोर घरातच सापडल्यासारखी. आम्ही नारायणगावचे, सायन्स डेला जवळच्या खोडदला, तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला, पोरांना घेऊन जातो तर तिथे आधी मोबाइल बंद करायला लावतात, पोरं कुरकुरतात. कशाला ते या पार्क्सच्या गोष्टीवरून त्यांना एका मिनिटात पटतं.

आणि हो, फोटो. बातमी पार्क्सची आणि फोटो आमच्या खोडदच्या डिशचा! आमच्या ४५ मीटरच्या ३० डिशना पत्रा नाहीये, बारीक स्टीलच्या तारांची जाळी आहे, खाली उभं राहून वर बघितलं की आरपार आभाळ दिसतं. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप सरांची आयडिया ती, वारा निघून जातो, वजन कमी, खर्चही कमी. तुमच्या फोटोत जाळी स्पष्ट दिसतेय आणि खाली लिहिलंय 'ऑस्ट्रेलियातील दुर्बीण'. बाकीचं जाऊ दे, पुढच्या रविवारी निदान तेवढी ओळ दुरुस्त करून छापा, ग्रुपवर टाकायचं काम भाच्याकडे देतो.

कळावे,
एक जुना वाचक, नारायणगाव