सूचना : रस्त्यावरच्या फोटोंवर अभिप्राय देताना

सर्व सभासदांना नमस्कार.

आपली चर्चा हल्ली क्षितिजरेषा वाकडी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) जास्त, यातच आटोपते. फोटो कशाबद्दल आहे हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून पुढच्या बैठकीपासून क्रम बदलतो आहोत.

आधी फक्त दिसतं ते सांगा : नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे अडली. अर्थ त्यानंतर, आणि तोही फ्रेममधली खूण दाखवून. ‘एकाकीपणा जाणवतो’ एवढ्याने फोटो काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘सगळे डावीकडे चाललेत, हा एकटाच मागे वळून बघतोय’ म्हणालात तर लागतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ मधला फोटो आठवा : पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनामागे एक माणूस साचलेल्या पाण्यावरून उडी मारतोय. मागच्या पोस्टरवरही एक आकृती झेपावते आहे. ती दिसली की त्या उडीकडे आपण वेगळ्याच नजरेने बघतो. ‘टायमिंग भारी’ म्हणून थांबणाऱ्याला ती दिसतच नाही.

ज्याचा फोटो, त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. (अवघड आहे, कल्पना आहे.) कॅप्शनही नंतरच. तुमच्या मनातला अर्थ कुणालाच दिसला नाही तर वाद घालू नका. तो फ्रेमबाहेर राहिला का, ते तपासा. प्रत्येक सूचना मानायलाच हवी असं मात्र नाही.

फोटोतल्या माणसाचा मान राखला गेलाय का, हा प्रश्न कुणीही, कधीही विचारू शकतं.

एका बैठकीत प्रत्येकी एकच फोटो.

– संयोजक