उजनीच्या पाण्यावरच्या तात्यांना

तात्या,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरकरांना उजनी माहीत असते ती नळातून. काही दिवसांआड पाणी येतं, पेपरात धरणातल्या साठ्याची टक्केवारी छापून येते आणि तेवढ्यावर ओळख संपते. त्या टक्केवारीमागचं पाणी तुम्ही तुमच्या होडीतून आम्हा दोघांना दाखवलंत, वाचायला शिकवलंत. समोर बसून आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही चहा पुढे केला असता, म्हणून पत्र लिहितोय. उघड लिहितोय, कारण हल्ली सोलापुरातून बरीच जोडपी थंडीत पक्षी बघायला भिगवण-कुंभारगावला जातात. काठावरच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला निवांत होडीने जावं असं त्यांच्याही मनात येतं. तुम्ही सांगितलेलं त्यांच्या हाती असायला हवं.

सगळ्यात आधी आभार तुमच्या "आज नाही" या दोन शब्दांचे. लोक सोलापूरहून पहाटे निघून, पैसे मोजायची तयारी ठेवून आलेले असतात, तरी तुम्ही होडी सोडत नाही. त्यामागचं कारण तुम्ही सांगता तेव्हाच पटतं. धरणाचा फुगवटा लांबच लांब, आणि जुन्या पात्राबाहेर पसरलेलं पाणी उथळ. वाऱ्याला धावायला मोकळं रान मिळतं आणि उथळ पाण्यात उठणारी लाट आखूड, उभी, एकीला लागून दुसरी अशी येते. खोल पाण्यातली लांब लाट होडीला उचलून खाली ठेवते. ही लाट होडी सावरायच्या आत पुढचीला घेऊन येते आणि काठावरून पाणी आत ओतते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. कुगाव करमाळा तालुक्यात, कळाशी इंदापुरात. पाण्यावरून समोर दिसणारं गाव रस्त्याने गाठायचं तर टेंभुर्णीकडून नाहीतर भिगवणकडून मोठा वळसा. काठावरच्या माणसाला ही होडी रोजच्या गरजेची आहे. आम्ही हौसेने येणारे. आम्हाला तर थांबायला काहीच अडचण नसते, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण आम्हाला ते कळायला हवं होतं.

तुमची वाऱ्याची खूण साधी आहे: पाण्यावर पांढरा फेस. ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या वाऱ्याला लाटांच्या माथ्यावर विरळ फेस दिसू लागतो, २० च्या पुढे तो ठिकठिकाणी फुटतो. लहान होडीने विरळ फेस दिसताच काठाला लागायचं, दाट होण्याची वाट पाहायची नाही. म्हणून सूर्य उगवताना निघणं आणि ऊन तापायच्या आत पुढचं गाव गाठणं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, तेव्हा पाण्यावर नसावंच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचे, तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे.

आणि सापडलोच तर? लाटेला कूस द्यायची नाही. वेग कमी करून होडीचं तोंड लाटेला तिरपं ठेवायचं, सगळ्यांनी फळीवरून उतरून तळाला बसायचं आणि जो काठ जवळ असेल तो गाठायचा. जिथे जायचं ठरलं होतं ते गाव विसरायचं. उलटलीच तर होडीला धरून राहायचं. काठ दिसतो त्यापेक्षा फार लांब असतो. फायबरची होडी उलटी झाली तरी आत हवेचे कप्पे असतील तर तरंगत राहते, आणि शोधणाऱ्यांना पोहणाऱ्या डोक्यापेक्षा होडी आधी दिसते. कप्पे आहेत का हे निघायच्या आधी विचारून घ्यायचं.

दुसरे आभार टक्केवारीचा अर्थ समजावून दिल्याबद्दल. उपयुक्त साठा शून्य म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३० मीटर, शंभर टक्के म्हणजे ४९६.८३०. मधलं अंतर ५.८० मीटर. म्हणजे सरासरी एक टक्का उतरला की पाणी साधारण सहा सेंटिमीटर खाली जातं. धरण भरलेलं असताना पसारा मोठा म्हणून थोडं कमी, तळाशी थोडं जास्त. ५३.५७ टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) हा उपयुक्त साठा संपला तरी खाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा उरतो, म्हणून आकडा उणे होतो आणि तरीही पाणी दिसत राहतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता.

होडीवाल्याला हा आकडा पाण्याखाली काय आहे ते सांगतो. धरणात गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, जुने रस्ते, बाभळींची खोडं सगळं खाली जागच्या जागी आहे. भरल्या धरणात त्यावरून होडी बिनघोर जाते. पाणी उतरलं की तीच भिंत पाण्याखाली हातभर उरते, गढूळ हिरव्या पाण्यात दिसत नाही आणि इंजिनाचा पंखा तिच्यावर आपटतो. सगळ्यात धोक्याचा काळ हाच, भिंत ना उघडी ना खोल. पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचंही तेच. पाणी खूप उतरलं की मंदिर उघडं पडतं आणि चालत पाहता येतं. नुसतं शिखर वर असताना होडी जवळ नेली तर आजूबाजूचे घडीव दगड तळ फाडतात. तुम्ही लांबच इंजिन बंद करून बांबूने खोली बघत पुढे जाता. त्या बांबूला हात-हात अंतरावर बांधलेल्या चिंध्या बघून आम्ही घरच्या काठीलाही तशाच बांधल्या.

लाइफ जाकिटाबद्दल तुम्ही जे ऐकवता ते प्रत्येक जोडप्याने ऐकावं. बसायला उशी म्हणून ते नाही, फोटो काढताना सोडायचंही नाही. काठावर उभं असतानाच घालायचं, सगळे पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मोठ्याचं जाकीट लहान मुलाला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. कापड फाटून आतला फोम दिसतोय, दाबल्यावर दबून राहतोय, तर ते बाजूला. साडी असेल तर पदर जाकिटाच्या आत, पायात पटकन निघणारं पायताण. ओली सोलापुरी चादर किती जड होते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. थंडीत पहाटे ती खांद्यावर घेऊन होडीत बसायचा मोह होतो, पण सुती कापड पाणी पितं. चादर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची, उतरल्यावर पांघरायची.

किती माणसं बसवायची याचा तुमचा हिशोब: लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात, भागिले पंधरा. अठरा बाय पाचची होडी म्हणजे सहा माणसं, त्यात तुम्हीही आलात. आणि हा आकडा शांत पाण्याचा. दोघंच असलो तरी वजन नीट वाटून बसायचं, एक मधे, एक जरा पुढे, पिशव्या तळाला. दोघं एकाच बाजूला पक्षी बघायला वळली की काठ पाण्याला लागतो, म्हणून उठायचं नाही, मान वळवायची.

आता इंजिन. यात तुम्ही खरे उस्ताद. टू-स्ट्रोकला एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर तेल, म्हणजे पाच लिटरला शंभर. इंजिनावर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच पाळायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा पडून इंजिन मरतं. पाच मिनिटं छान चालून बंद पडलं तर बहुतेक लोक प्लग काढतात, तुम्ही आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघता. तो बंद राहिला तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल ओढलं जात नाही. इंजिन चालू झालं की मागे पाण्याची बारीक पिचकारी दिसायलाच हवी. ती थांबली म्हणजे पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिक किंवा जलपर्णी बसली, नाहीतर पाणी ओढणारा आतला रबरी पंखा, इंपेलर, गेला. तसंच पुढे दामटलं तर थोड्याच वेळात इंजिन भाजतं.

इंजिन जोरात गरगरतंय आणि होडी जागची हलत नाही, तर लहान इंजिनात पंख्याची पिन तुटलेली असते. ती तुटायसाठीच केलेली आहे, दगडाचा मार पिनेने खायचा आणि आतले गिअर वाचवायचे. तिच्या जागी खिळा ठोकणाऱ्यांवर तुम्ही चिडता ते बरोबरच आहे, कारण मग पुढच्या दगडाला गिअर जातो. दोन जादा पिना, दोन स्प्लिट पिना आणि पक्कड, हे डबीत घालून होडीला बांधलेलं. जाळं किंवा जलपर्णी पंख्यात गुंडाळली तर इंजिन बंद, वर उचलायचं, प्लगची वायर काढायची आणि मगच हात लावायचा. गुंडाळी ज्या दिशेने बसली त्याच्या उलट पंखा हाताने फिरवायचा. कोळ्याचं जाळं कापणं हा शेवटचा उपाय. थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या तरंगताना दिसल्या की लांबून वळसा घातला तर ती वेळच येत नाही. त्या जाळ्यावर कुणाचं तरी घर चालतं.

इंधनाचे तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक न मोडायचा. उलट वाऱ्याला तो तिसरा वाटा कुठे जातो कळत नाही.

आणि जी गोष्ट आम्हाला कुठल्याही पर्यटनाच्या माहितीत दिसली नाही ती तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत, त्याबद्दल खास आभार. नावाड्याचा हात सुटून तोच पाण्यात पडला तर होडीतल्या दोघांनी काय करायचं? इंजिनाची लाल दोरी ओढून बंद करायचं, कारण हँडल सोडलेली होडी गोल फिरून पडलेल्याच माणसावर येते. मग पंधरा मीटर दोराला बांधलेला झाकण घट्ट असलेला रिकामा पाच-दहा लिटरचा कॅन त्याच्यापलीकडे टाकून ओढत आणायचा. वर घ्यायचं ते मागच्या किंवा पुढच्या टोकाकडून, बाजूने घेतलं तर होडी कलंडते. निघायच्या आधी ती लाल दोरी आम्हा दोघांकडूनही एकेकदा ओढून घेता, यापेक्षा मोठा मान आम्हाला कोणी दिला नाही.

गावाला लागताना घाई नको. पाणी मागे हटलं की काठावर गाळ उरतो, वरून सुकून भेगाळलेला, आत गुडघाभर. बांबू रोवून बघायचा, मुरूम लागेल तिथेच पुढच्या टोकावरून उतरायचं. पाणी हटल्यावर पेरलेल्या गाळपेर जमिनीतली पिकं तुडवायची नाहीत. पण गाळाहून वाईट म्हणजे पाणी उपसायच्या मोटारी. पाणी उतरेल तसे शेतकरी पंप पुढे सरकवतात, केबल आणि पाइप पाण्यातून, गाळातून पसरलेले असतात. जोड उघडे राहतात. थ्री-फेज वीज कधी येईल सांगता येत नाही. पाइपला धरून होडी ओढायची नाही, मोटारीजवळ पाण्यात पाय घालायचा नाही, पोहायचं तर मुळीच नाही. रात्री होडी बांधायची तर लाटेला कूस देऊन नाही, तोंड पाण्याकडे, मागे दोर, पुढे नांगर. सकाळी ती भरलेली सापडत नाही.

पक्ष्यांबद्दल तुम्ही कमी बोलता, वागून दाखवता. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याकडे सरळ जात नाही, बाजूने तिरपं सरकता. माना वर झाल्या की थांबता. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, त्यांना फोटोसाठी उठवायचं हा अन्याय आहे असं तुमच्या थांबण्यातून कळतं. चित्रबलाक आणि नदीसुरय तर इंजिन बंद असलं की स्वतःच जवळ येतात.

खाण्याचं सोपं. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. उन्हात टिकतं, सांडत नाही. उजनीचं पाणी होडीत बसून प्यायचं नाही, त्याने हातही धुवायचे नाहीत. वरून शहरांचं सांडपाणी येतं, शेवाळ येतं. माणशी तीन लिटर पाणी घरूनच. उतरल्यावर भिगवणला चिलापी मासळी तळून मिळते, तिची घाई होडीत करू नये.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवतोय. पंधरा मीटरचे दोन दोर आहेत, सहा पिना तुमच्या इंजिनाच्या मापाच्या, एक इंपेलर, आणि लहान मुलांच्या मापाची चार जाकिटं. जाकिटं तुमच्या होडीत ठेवा, नाहीतर पलीकडे शाळेला होडीने जाणारी मुलं असतील त्यांना द्या, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

दसऱ्यानंतर पाणी निवळलं की यावं म्हणतो. कुंभारगावला एक मुक्काम, मग पळसदेव आणि पुढे कळाशी. आम्ही रजा धरून ठेवतो, दिवस तुम्ही कळवा. तुम्ही नाही म्हणालात तर काठावर बसून चहा घेऊ.

काकूंना नमस्कार.

तुमचे,
सोलापूरचे दोघं