घाटातला फोटो एसीच्या बटणापाशी बिघडतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस स्थिरावला की पुरवण्यांमधून ‘पावसाळ्यात जाण्याजोगे घाट’ अशा याद्या येऊ लागतात. माळशेज, ताम्हिणी, वरंधा, आंबोली ही नेहमीची नावे, पुण्या-मुंबईपासूनचे अंतर आणि वर एक हिरवागार फोटो. तो बघून पुढच्या शनिवारी कॅमेरा गाडीत टाकून निघणाऱ्या हौशी माणसाला त्या यादीतून दोन गोष्टी कधीच कळत नाहीत. तिथे पोहोचल्यावर लेन्स धूसर का होते, आणि गाडी नेमकी कुठे थांबवायची. कॅमेरा कुठला घ्यावा यावर रकाने भरतात, पण पावसाळी सहलीतले निम्मे फोटो कॅमेरा बॅगेतून निघण्याआधीच गेलेले असतात.

आधी धूसर लेन्सबद्दल. श्रावणात घाटमाथ्यावर तापमान २२-२४ अंश आणि हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेतली वाफ २१-२३ अंशांच्या किंवा त्याहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. गाडीचा एसी १९-२० अंशांवर आणि कॅमेरा मागच्या सीटवर, थेट झोताखाली. दार उघडून कॅमेरा बाहेर काढला की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम येतो तसा लेन्सला येतो. मग रुमाल निघतो, काच पुसली जाते, पाच सेकंदांत पुन्हा धुरकटते, कारण काच अजून थंडच असते. पुसून काही होत नाही, काच गरम व्हावी लागते. नुसत्या लेन्सला सात-आठ मिनिटे पुरतात, पण जाड बॉडी आणि मोठी झूम लेन्स असेल तर २० ते ३० मिनिटे जातात. तेवढ्यात दरीतला ढग उघडून मिटलेलाही असतो.

उपाय फुकटचा आहे. घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून मागच्या काचा दोन-दोन बोटे खाली घ्याव्यात. समोरची काच धुरकटत असेल आणि एसी लावणे भागच असेल, तर झोत फक्त पुढच्या काचेवर ठेवावा आणि कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करून डिकीत ठेवावा. बाहेर आल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते, आतला कॅमेरा कोरडा राहतो. पिशवी हाताला गार लागेनाशी झाली की उघडायची. आणि एक, लेन्स धुरकटलेली असताना ती बॉडीपासून काढू नये. दमट हवा सरळ आत जाते आणि वाफ सेन्सरवर बसते.

आता धुके. घाटमाथ्यावर ज्याला आपण धुके म्हणतो तो बहुतेक वेळा ढगच असतो. समुद्रावरून आलेला वारा कोकणातून येऊन सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि अगदी कड्याच्या ओठावर ढग धरतो. म्हणून ‘पॉइंट’वर काहीच दिसत नाही, आणि दोन तास भुट्टे खाऊन लोक परततात. तिथे वाट बघण्यापेक्षा जागा बदलावी. माळशेजमध्ये बोगद्यापाशी पांढरा पडदा असेल तर घाट उतरून मोरोशीच्या बाजूला यावे. ढगाचा तळ डोक्यावर राहतो आणि त्यातून सुटलेले धबधबे काळ्या भिंतीवर ओळीने दिसतात. तिथे दूरचे जवळ आणणारी ७०-२०० किंवा ७०-३०० मिलिमीटरची टेली लेन्स हवी, रुंद दृश्य घेणाऱ्या वाइड लेन्सचे काम नाही. आंबोलीहून दाणोलीकडे आणि ताम्हिणीतून विळ्याकडे उतरले की हाच अनुभव. उलट दिशेला, घाटमाथ्यावरून पूर्वेला पाच-दहा किलोमीटर गेले तरी ढग विरळ होतो आणि भातखाचरे मिळतात. सह्याद्रीचे हे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे सकाळभर सावलीत. ऊन पडलेच तर कड्यावर उजेड दुपारी तीननंतर येतो. ‘पहाटे पोहोचा’ हा सल्ला डोळे झाकून सगळीकडे दिला जातो. कोकणातून वर बघत कड्याचा फोटो काढणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही.

ढगात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. पांढऱ्याला तो राखाडी करतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, +०.७ ते +१ वर न्यावे. ऑटोफोकस मागेपुढे करत बसतो, तेव्हा झाडाच्या काळ्या खोडाची कडा पकडावी, फोकस लागला की मॅन्युअलवर टाकून सोडून द्यावे.

धबधब्याला रेशमी पट्टा करायचा असेल तर शटर १/४ ते १/२ सेकंद उघडे राहिले तरी पुरते. दोन-चार सेकंद ठेवले की पाण्याचा आकार जाऊन नुसते दूध सांडल्यासारखे दिसते. आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८ ते एफ/११ आणि ढगाळ उजेड असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, बहुधा भागवतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मात्र एकच फिल्टर घ्यायचा असेल तर एनडीच्या आधी पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घ्यावा. तो दीड-दोन स्टॉप उजेड कमी करतोच, शिवाय ओल्या पानांवरची पांढरी चकाकी काढून टाकतो. पावसातली हिरवाई फोटोत फिकट येते ती या चकाकीमुळे. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवून ती जात नाही, पाने फक्त पोपटी होतात. फिल्टरची कडी फिरवताना एका ओल्या दगडाकडे बघत राहावे. त्याच्यावरचे आभाळ पुसले जाऊन दगडाचा काळा पोत दिसला की तिथे थांबावे. ट्रायपॉडवर लेन्सचे हाताची थरथर सावरणारे स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे. तुषारांसाठी एक मायक्रोफायबर कापड पुरत नाही. चार-पाच न्यावीत आणि ओले झालेले परत त्याच खिशात घालू नये. लेन्स हुड लावलेलाच ठेवावा. ‘वेदर सील्ड’ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, आणि बॉडी सील्ड असून लेन्स जिथे बॉडीला बसते त्या माउंटला रबराची कडी नसेल तर त्या सीलचा उपयोग अर्धाच.

प्रवाहात ट्रायपॉड लावणाऱ्यांनी पाण्याचा रंग बघत राहावे. नितळ पाणी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, आवाज जड झाला, तर वर कुठे तरी पाऊस कोसळला आहे. ट्रायपॉड आवरत बसू नये, बाहेर यावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा पाणी किती झपाट्याने वाढते हे उभ्या महाराष्ट्राने व्हिडिओत पाहिले आहे.

गाडी थांबवण्याचा प्रश्न याहून रोजचा आहे. चांगले दृश्य नेमके वळणावर दिसते, कारण तिथेच कठडा उघडा असतो आणि दरी समोर येते. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर गाडी उभी करणे वाहतूक नियमांनुसार गुन्हा आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी साधा हिशेब बघा. धुक्यात ३० मीटरवरचे दिसते, वरून उतरणारी एसटी ताशी ४०ने येते म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि रस्ता ओला. चालकाला तुमची गाडी दिसल्यापासून तिच्यावर येईपर्यंत तीन सेकंदही मिळत नाहीत. म्हणून वळण मागे टाकून सरळ तुकड्यावर, रस्त्याच्या पूर्ण बाहेर जागा असेल तिथेच थांबावे आणि दरीच्या बाजूने चालत मागे यावे. डोंगराच्या कापलेल्या बाजूला लागून गाडी लावू नये. ताजी लाल माती, रस्त्यावर आलेले मुठीएवढे दगड, तिरके झालेले झाड ही दरड सैल झाल्याची खूण. मोरीवर किंवा तिच्या तोंडाशीही नको, वरून आलेले पाणी आणि दगड तिथूनच जातात.

चालत्या गाडीत हॅझर्ड दिवे लावून घाट उतरणाऱ्यांना काय सांगावे! चारही दिवे लुकलुकत असले की बहुतेक गाड्यांत वळणाचा इशारा देताच येत नाही, आणि मागच्याला तुम्ही थांबला आहात की चाललात तेच कळत नाही. चालताना डिपर खाली आणि फॉग लॅम्प, थांबल्यावर हॅझर्ड. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेकला जळका वास येत नाही. अरुंद ठिकाणी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवला जातो, तेव्हा निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचा आदेश पाहून घ्यावा. मोबाइलचा नकाशा बंद घाटातूनही खुशाल नेतो.

भाद्रपदात हीच मंडळी कासला वळतात. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचे हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी आधी करावी आणि शनिवार-रविवार टाळावा. इथली माती म्हणजे कातळावरचा काही सेंटिमीटरचा थर. वर्षायू झाडांचे बी त्या थरातच पडून राहते, त्यावर पाऊल पडले की माती दबते आणि पुढच्या वर्षी तेवढी जागा बोडकी दिसते. म्हणून पायवाटेवर उभे राहून फोटो निघेल अशी लेन्स न्यावी, ९०-१०० मिलिमीटरची मॅक्रो किंवा ७०-३०० टेली. सीतेची आसवे हे इवलेसे निळे-जांभळे फूल वाऱ्यावर सतत डुलते, त्यामुळे शटर १/२५०च्या खाली आणू नये. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार रंग जुळवणारी सोय) ऑटोवर ठेवला तर जांभळा दर फोटोत वेगळा येतो, तो ५५०० केल्विनवर बांधून टाकावा. तेरड्याच्या गुलाबी गालिच्यात दुसरीच अडचण असते. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा भाग (लाल चॅनेल) भरून सांडलेला असतो आणि पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा होतात. तीन रंगांचा हिस्टोग्राम बघून एक्सपोजर -०.३ ते -०.७ करावे. धुक्यात जे वाढवले ते इथे कमी करायचे. कारवीसाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते.

घरी आल्यावर ओली बॅग कपाटात टाकली की दिवाळीपर्यंत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. बॅग रिकामी करून पंख्याखाली ठेवावी, ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून वाळवावेत. हवाबंद झाकणाचा दहा लिटरचा डबा, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ६५च्या वर बुरशी धरते, ३०च्या खाली रबर आणि वंगण सुकते. निळ्या सिलिकात कोबाल्टचे विषारी क्षार असतात, ती पुन्हा वाळवायला स्वयंपाकाच्या कढईत भाजू नये, केशरी घ्यावी. तांदळात कॅमेरा पुरण्याचा सल्लाही अजून फिरतो आहे. त्याची पिठी लेन्सच्या कडीत जाते.

पुरवणीच्या संपादकांना विनंती अशी की यादीतल्या प्रत्येक घाटापुढे तीन नोंदींची जागा वाढवावी: गाडी लावण्याची सुरक्षित जागा, कड्यावर उजेड येण्याची वेळ आणि सध्या रस्ता चालू की बंद. सार्वजनिक बांधकाम विभागाने माळशेज आणि ताम्हिणीतल्या गर्दीच्या वळणांच्या पुढे पाच-सहा गाड्यांपुरती मुरूम टाकलेली जागा करून तिचा फलक वळणाच्या २०० मीटर आधी लावावा. फलक वळणावरच लावला तर तो वाचायलाही लोक तिथेच थांबतील.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा