मावशी, तुम्ही समोर येऊन बसलात म्हणून

मावशी,

परवा बालवर्गाच्या निरोपाच्या कार्यक्रमात माइकवरून सगळ्यांचे आभार मानून झाले. संस्थेचे मानले, बाईंचे मानले, सजावट करणाऱ्या पालकांचे मानले, अगदी स्पीकर लावून देणाऱ्या दादांचेही मानले. तुम्ही तेव्हा मागच्या दाराशी कुणाच्या तरी पोराच्या बुटाची गाठ सोडवत बसला होतात. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्हाला त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही, पण मला वाटलं आणि ते अजून गेलेलं नाही. तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं, ताई’ म्हणून कामाला लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

आमचा थोरला हाक मारली तरी येत नाही, हे तुमच्या आधी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं होतं. लक्षात सगळ्यांच्याच येत होतं, त्याचं पुढे काय करायचं यावर मात्र प्रत्येकाचा निकाल तयार. घरातल्या मोठ्यांच्या मते लाडावलाय. शेजारच्यांच्या मते मोबाइल. एका काकांनी ‘मुलगे उशिराच बोलतात, आमचा बघा, आता थांबता थांबत नाही’ असं सांगून विषयच मिटवून टाकला. लहान मुलाच्या आईला सल्ला द्यायला काही शिकावं लागत नाही, एकदा आपलं मूल मोठं झालं की पुरतं.

आधीच्या बालवर्गात तर वहीत शेरे यायचे. ‘सूचना पाळत नाही.’ मग ‘वर्गात लक्ष नसते.’ मग त्याची जागा बदलून मागच्या कोपऱ्यात दिली, म्हणजे जे थोडंफार कानावर पडत होतं तेही बंद. त्या बाई वाईट नव्हत्या. वर्गभर मुलं सांभाळायची म्हणजे काय असतं ते मला एका वाढदिवसातच कळून चुकतं. पण शेरा लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एकदा त्याच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात हाक मारून बघता आली असती.

आणि ते डॉक्टर. मी म्हटलं, याला नीट ऐकू येत नसावं. ते म्हणाले, जन्मल्यावर कानांची तपासणी झाली होती ना? ती नॉर्मल होती ना? मग झालं तर. जन्माच्या वेळची तपासणी जन्माच्या वेळचं सांगणार. पुढे चार वर्षांत त्याला किती वेळा सर्दी झाली हे तिला कुठून कळायचं? कानात बघायची ती छोटी बॅटरी त्यांच्या टेबलावरच पडली होती. ती त्यांनी उचलली नाही. ‘आईंना जरा जास्तच काळजी वाटते,’ असं म्हणाले, आणि तेही माझ्याकडे न बघता, याच्या बाबांकडे बघून.

घरी मला जे दिसत होतं ते कुणाला सांगून पटेना. बोलताना तो माझी हनुवटी धरायचा आणि माझं तोंड स्वतःकडे वळवून घ्यायचा. भाजी चिरता चिरता काही सांगितलं तर पाय आपटायचा, खाली बसून सांगितलं की मुकाट ऐकायचा. रात्री गोष्ट सांगताना दिवा घालवला की रडारड. सगळे म्हणायचे, अंधाराला भितो. पण गोष्ट संपली की त्याच अंधारात तो गाढ झोपायचा. अंधाराला भिणारं मूल असं झोपत नाही. त्याला गोष्टीपुरताच दिवा लागायचा, कारण गोष्ट तो माझ्या ओठांवरून गोळा करत होता. हे आज सांगता येतंय. तेव्हा नुसतं काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं, आणि ‘काहीतरी चुकतंय’ हे वाक्य घेऊन कुठेही गेलं तरी माणसं घड्याळाकडे बघू लागतात.

त्यात भर म्हणजे एखाद्या दिवशी त्याला सगळं व्यवस्थित ऐकू यायचं. दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी हजर. मग काय, ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं हं याला’ म्हणून घरभर हशा.

तुमच्याकडे आल्यावर पहिले काही दिवस मी सुटीच्या वेळी लांबूनच बघत असे. सुटीचा तो गोंधळ तुम्हाला माहीत आहेच. दारात पालकांची गर्दी, आतून बाईंची हाक, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एकाचा बूट दुसऱ्याच्या पायात. नाव पुकारलं की मूल धावत येतं. आमचं पुकारलं की तो आपला भिंतीशी ठोकळे रचत बसलेला. आता ओरडा बसणार म्हणून मी आत जाऊ लागले, तर तुम्ही उठलात. लांबून हाक मारली नाहीत. मागून खांदाही ओढला नाहीत. वळसा घालून त्याच्या समोर गेलात, गुडघ्यावर हात टेकवत हळूहळू उकिडव्या बसलात आणि हात त्याच्या खांद्यावर ठेवून नुसत्या थांबलात. त्याने हातातला ठोकळा नीट वर ठेवला, मग मान वर केली. त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांना लागल्यावरच तुम्ही बोललात, आणि तेही नेहमीच्या आवाजात. ‘आई आली बघ.’ तो ताडकन उठला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही. डबा खायला बसायचं असो की बाहेर खेळायला जायचं असो, बाकीच्यांना एक हाक आणि याच्यासाठी तो वळसा. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी नाही. बाईंनाही तोवर काही कल्पना नव्हती. तुम्ही बघितलंत की या पोराला मागून बोललेलं पोचत नाही, आणि समोर जायला सुरुवात केलीत. कारण काय, दोष कुणाचा, कान की स्वभाव की आईबाप, हे ठरायची वाट तुम्ही पाहिली नाहीत. दिवसभर खाली वर करून दुखणारे गुडघे तुमचे, आणि दर वेळी ते वाकवून त्याच्या उंचीला यायचं. मला सगळ्यात जास्त काही लागलं असेल तर ते हे.

नंतर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, ‘ताई, पोरगं शहाणं आहे. कान तेवढे दाखवून घ्या, आणि बघेपर्यंत उठू नका तिथून.’ हे शेवटचं वाक्य मी तंतोतंत पाळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या डॉक्टरांनी ती बॅटरी उचलली, मग कानांच्या तपासण्या झाल्या. दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं. याला ग्लू इअर म्हणतात. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की आतलं पाणी निघत नाही. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. पाणी कमीजास्त होतं म्हणून ऐकूही कमीजास्त येतं, आणि ज्या बिस्किटाच्या पुड्यावर घरभर हसलो त्याचं उत्तर हे होतं. कानात बोटं घालून जग ऐकावं तसं त्याला ऐकू येत होतं. साधारण २० ते ३० डेसिबल कमी. कुजबुजणं ३० च्या आसपास असतं, नेहमीचं बोलणं ६० च्या. म्हणजे शांत खोलीत समोरासमोर बोललं तर बरंचसं पोचणार, भरल्या वर्गात पाठीमागून बोललं तर जवळजवळ काहीच नाही. आणि हे काही दुर्मीळही नाही. दोन ते पाच वर्षांच्या वयात सर्वाधिक दिसतं आणि दहा वर्षांचं होईपर्यंत दहातल्या आठेक मुलांना कधी ना कधी होऊन जातं. इतकं नेहमीचं असूनही आमच्या वाट्याला शेरे आले, याचा राग मला अजून येतो. तो मी जपून ठेवला आहे.

मला वाटलं आता औषध मिळेल. तर डॉक्टर म्हणाले, थांबायचं. बहुतेक मुलांत तीनेक महिन्यांत हे पाणी आपोआप ओसरतं. सर्दीच्या औषधांचा किंवा अँटिबायोटिकचा यावर उपयोग होत नाही. नाहीच ओसरलं आणि ऐकू कमीच येत राहिलं तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीकशी नळी बसवतात. तोवर काय करायचं, असं विचारलं. ते म्हणाले, हाक मारण्याआधी त्याच्या समोर जा, त्याच्या उंचीला बसा, त्याचं लक्ष आहे हे बघा आणि मग स्वच्छ बोला. ओरडू नका. मागे टीव्ही चालू असेल तर बंद करा. वर्गात पुढे बसवा.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले, मावशी. हे सगळं तुम्ही आधीच करत होतात.

मग घरात तुमचीच पद्धत चालू झाली. आधी मी, मग याचे बाबा, मग आजी. आजोबांना खाली बसणं जमेना, तर ते त्यालाच खुर्चीवर उभं करू लागले आणि समोरासमोर गप्पा मारू लागले. ‘लाडावलाय’ म्हणणारी मंडळी गप्प झाली असं नाही, ती कधीच होत नाहीत, पण तीही वाकू लागली. जेवताना टीव्ही बंद झाला. रात्रीच्या गोष्टीला दिवा चालू राहिला. धाकटीने तर कमाल केली. ती दोन वर्षांची, तिला काय कळणार. पण दादाला काही दाखवायचं असलं की ती आधी जाऊन त्याच्या तोंडासमोर स्वतःचं तोंड नेऊन ठेवायची, इतक्या जवळ की दोघांची नाकं आपटायची.

आणि तो बदलला. कानांत पाणी तसंच होतं, तरी बदलला. पाय आपटणं कमी झालं. संध्याकाळी घरी आल्या आल्या जी चिडचिड असायची, दिवसभर अर्धवट शब्द जोडून जोडून आलेला तो थकवा होता, तीही ओसरली. वर्गात काय झालं ते सांगू लागला. सगळ्या कहाण्यांत तुम्ही होतात. त्याच्या बोलण्यात शब्दांची शेवटची अक्षरं गळायची, त्यामुळे तुमचं ‘मावशी’ कित्येक दिवस नुसतं ‘माव’ होतं.

पुढच्या तपासणीत पाणी बरंच कमी झालेलं निघालं, त्याच्या पुढच्या वेळी दोन्ही कान मोकळे. नळीची वेळ आली नाही. पुन्हा सर्दी झाली की पुन्हा लक्ष ठेवायचं, एवढंच. आता काही जण म्हणतात, बघ, आपोआप बरं झालं की नाही, उगाच धावपळ केलीस. त्यांना काय सांगू? पाणी आपोआप गेलं हे खरं. पण ते जाईपर्यंतचे महिने त्याने कसे काढले असते? मागच्या कोपऱ्यात, वहीतल्या शेऱ्यांत, ‘इतक्या वेळा सांगितलं, कळत नाही का?’ या वाक्यात. तेच महिने त्याने समोर येऊन बसणाऱ्या माणसांत काढले. माझे आभार त्या महिन्यांसाठी आहेत. कान बरे झाल्याचे आभार मी कुणाचे मानत नाही, ते त्यांचे ते झाले.

तुमच्यासारखी माणसं कुठे कुठे दिसतात मला आता. लिफ्टमध्ये आपली घाई बाजूला ठेवून पोराला बटण दाबू देणारं कुणी. रांगेत मूल भोकाड पसरतं तेव्हा आईवर नजर न रोखता, दुसरीकडे बघून तिला उसंत देणारं कुणी. दवाखान्यात सुई टोचण्याआधी ‘दुखणार आहे, पण लवकर संपेल’ असं खरं सांगणारी नर्स. यातल्या कुणाला बालमानसशास्त्राची पदवी लागत नाही. समोरचं लहान असलं तरी पुरतं माणूस आहे, एवढं गृहीत धरलेलं असतं. ज्यांच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या आहेत त्यांच्यापैकी काहींना हे जमलं नाही, म्हणून मला बोलावं लागतंय.

तुम्हाला काही द्यावं असं फार मनात होतं. तुम्ही घेणार नाही हेही माहीत होतं. बाईंशी बोलले आहे; बुटांच्या कप्प्याजवळ तुमच्यासाठी एक बुटकं स्टूल येणार आहे, त्यावर बसलं की मुलांच्या उंचीला येता येतं आणि गुडघे मोडावे लागत नाहीत. हे मी दिलेलं नाही, वर्गाचं आहे, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

थोरला आता मोठ्या शाळेत चालला. तिथल्या बाईंना त्याच्या कानांचं सगळं सांगून झालंय, पुढचा बाकही मिळालाय. पुढच्या वर्षी धाकटी येतेय तुमच्याकडे. तिचे कान तपासून घेतलेत, ठणठणीत आहेत. ती हाकेला आली नाही तर ते मुद्दाम असेल. तिच्यासाठी स्टुलावरून उठू नका.

तुमची,
थोरल्याची आणि आता धाकटीचीही आई