धावपट्टीवरची वर्षे अर्जात मावत नाहीत

महोदय,

लष्करी हवाई तळावर धावपट्टी व्यवस्थापनाचे काम करून मी नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नोकरीत आलो. माझ्यामागून येऊ पाहणाऱ्या चांगल्या, अनुभवी माणसांचे अर्ज पहिल्याच चाळणीत गळतात, म्हणून हे पत्र.

उजाडायच्या आत जीप काढायची आणि पहिले विमान सुटण्यापूर्वी अख्खी धावपट्टी नजरेखालून घालायची, हे आमचे रोजचे काम. सांध्यातून उखडलेला खडा, सैल पडलेला बोल्ट, कडेच्या दिव्याची फुटलेली काच, जे दिसेल ते उचलायचे. लगेच दुरुस्त होण्यासारखे नसेल तर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, काढायचा. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड हे प्रवासी विमान कोसळले, ते आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीमुळे. तिने टायर फाटला, त्याचा तुकडा इंधनटाकीवर आदळला आणि ११३ जीव गेले. अशी पट्टी वेळेत दिसणारी नजर वर्षानुवर्षांच्या पाहणीतूनच तयार होते.

नागरी बाजूला नवे काही शिकावे लागत नाही, असे मी म्हणणार नाही. तळावर वरिष्ठांचा हुकूम आला की काम सुरू होते. इथे विमानतळाचा परवाना, मंजूर नियमावली आणि नियामकाची तपासणी यांच्या चौकटीत प्रत्येक गोष्ट लेखी लागते. धावपट्टीच्या तीन भागांना पाणी, बर्फ अशा पृष्ठस्थितीनुसार ० ते ६ असे अंक देण्याची पद्धत आयकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने) नोव्हेंबर २०२१ पासून लागू केली. तीही मी इथेच शिकलो. पण हे सारे काही महिन्यांच्या प्रशिक्षणात जमते. त्यासाठी अनुभवी माणसाला नवख्याच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे, आणि त्यात विमानतळाचेही नुकसान आहे.

लष्कराने सेवेच्या शेवटच्या वर्षात पाहण्या, नोटॅम, रात्रीची उड्डाणे, आपत्कालीन सराव यांची सहीशिक्क्यानिशी नोंद हातात द्यावी. भरती करणाऱ्यांनी तिला अनुभव म्हणून गुण द्यावेत आणि ‘ॲनेक्स १४’वर, म्हणजे आयकाओच्या विमानतळविषयक मानकांवर, परीक्षा घ्यावी, हवी तर कठीण घ्यावी. माझ्या सहकाऱ्यांनीही अर्जात ‘तळाची जबाबदारी सांभाळली’ एवढेच लिहून थांबू नये. गोपनीय ते सोडा, पण धावपट्टी किती लांबीची होती, विमाने कोणत्या प्रकारची होती, धावपट्टी बंद ठेवण्याचा निर्णय कोण घेत असे, हे लिहायला कुणाची हरकत नसते. निवड समिती नेमके तेच शोधत असते.

– एक माजी हवाई सैनिक