चित्रं आहेत म्हणून बालवाङ्‌मय?

महोदय,

आमच्याकडच्या एका वाचनालयात ग्रँट मॉरिसन यांची ‘द इनव्हिजिबल्स’ ही चित्रकादंबरी बालविभागात, परीकथांच्या शेजारी ठेवली आहे. १९९४ ते २००० या काळात ५९ अंकांतून आलेली ही गोष्ट सत्तेविरुद्ध लढणाऱ्या गुप्त बंडखोरांची. तीत हिंसा आहे, ती मुलांसाठी नाहीच. पण म्हणून काढून टाकू नका, मोठ्यांच्या कपाटात ठेवा. पहिल्या अंकात किंग मॉब हा बंडखोर पहारेकऱ्यांना सहज गोळ्या घालतो. बाराव्या अंकात त्यातल्याच एकाचं बालपण, लष्करातले दिवस, संसार असं सगळं उलगडत जातं आणि वाचताना जीव कासावीस होतो. आपल्याच नायकाला असा जाब विचारण्याची हिंमत किती लेखक दाखवतात?

अरविंद घोष बडोद्यात नोकरी करतानाच गुप्त क्रांतिकार्यात गुंतले होते. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून गावोगावी ग्रंथालयं पोहोचवली. अशा शहरात केवळ चित्रं दिसली म्हणून पुस्तक पोरखेळ ठरावं, हे मनाला लागतं. ग्रंथपालांनी ते एकदा स्वतः वाचावं आणि मगच त्याची जागा ठरवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे