वादळ दिसले नाही म्हणून लाट खोटी का?

स. न. वि. वि.

‘ध्रुवीय वादळांनी समुद्री बर्फ वितळणार, कोकण बुडणार’ हे कालच्या अंकातले पहिल्या पानावरचे शीर्षक वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. मुळात तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढतच नाही. ती वाढते ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळून आणि पाणी तापून फुगल्यामुळे. ऑगस्ट २०१२ च्या आर्क्टिक चक्रीवादळाने बर्फाचा नीचांक घडवला, हेही अर्धेच खरे. बर्फ आधीच पातळ झाला होता. वादळाने तो फोडला, खालचे कोमट पाणी वर ढवळून आणले. पण वादळाविनाही नीचांक झालाच असता, असे नंतरच्या अभ्यासात दिसले.

आमच्या किनाऱ्याचा संबंध येतो तो दुसऱ्या ध्रुवाकडच्या वादळांशी, आणि त्याबद्दल आपल्या लेखात अक्षर नाही! दक्षिण महासागरात वादळ उठले की त्याच्या लांब लाटा हजारो किलोमीटर कापत काही दिवसांनी इथे पोचतात. इकडे वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फात शिरलेल्या लाटा दबतात. लाटा दाबणारा तोच बर्फ सप्टेंबर २०२३ मध्ये जेमतेम १.७ कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरला. उपग्रहांच्या नोंदीत तिथल्या हिवाळ्यात इतका कमी तो कधीच नव्हता.

आमच्या शेजाऱ्यांची होडी अशाच एका लाटेने नेली. मे महिना, भर दुपार, पान हलत नव्हते. वर ओढून ठेवलेली होडी उचलून माडावर आपटली, फळ्या निखळल्या, कर्ज काढून घेतलेली जाळी वाहून गेली. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारले, “वादळ कुठले?” काय सांगणार? कागदावर ‘नेहमीची भरती’ असे लिहिले आणि भरपाईचा विषय संपला. निसर्ग, तौक्ते अशी नावाची वादळे आली की यंत्रणा हलते. ज्या वादळाला इथे नावच नाही, त्याने मोडलेली होडी कुणाच्या खात्यात धरायची? मे २०२४ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या संस्थेने अशाच लाटांचा इशारा दिला होता. म्हणजे सरकारी संस्थेला ही लाट ठाऊक आहे, फक्त पंचनाम्याच्या कागदाला ठाऊक नाही. यावर आपला वार्ताहर पाठवा.

आणखी एक. कोकण आवृत्तीतले भरती-ओहोटीचे वेळापत्रक आपण बंद केले आहे. पहाटे होडी लोटणारी माणसे ते बघूनच निघत. ते पुन्हा छापावे आणि त्याच चौकटीत इन्कॉइसचा लाटांचा इशाराही द्यावा.

— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)